स्टँडर्ड लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन नव्यानं लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

काना_मात्रा (धागाकर्ती)

आम्ही तिघं मिळून एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा सांभाळतो. नाव सांगण्याइतकी मोठी नाही, पण वापरणारे आहेत आणि ते शिव्याही घालतात, म्हणजे जिवंत आहे. तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार संचात, १४० च्या आसपास फंक्शन्स आहेत. प्रत्येकाचं डॉक्युमेंटेशन आहे, पण कसं? तर मीच रात्री, फंक्शन चालल्याच्या आनंदात खरडलेलं. "दिलेल्या स्ट्रिंगचे दिलेल्या विभाजकावरून तुकडे करते." संपलं. आता सगळं नव्यानं लिहायचं ठरवलंय आणि पहिलं पान उघडून दोन दिवस नुसती बसलेय.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगते. पायथनमध्ये माझी एक स्क्रिप्ट होती. फायलींच्या नावांना शेवटी "-मसुदा" चिकटवलेलं असायचं, ते काढायचं एवढंच काम. मी आरस्ट्रिप (स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, शेवटाकडची अक्षरं काढणारं फंक्शन) वापरलं आणि कंसात '-मसुदा' दिलं. 'अहवाल-मसुदा'चं 'अहवाल' झालं, 'पत्र-मसुदा'चं 'पत्र' झालं, मी खूश. बऱ्याच दिवसांनी बघते तर 'आराखडा-मसुदा'चं 'आराखड' होऊन बसलेलं. काना गायब! 'नकाशा'चं 'नकाश'. आणि 'समास-मसुदा' या फायलीचं तर नावच शिल्लक नाही, रिकामी स्ट्रिंग.

कारण अनेकांना माहीत असेल. आरस्ट्रिप कंसातल्या स्ट्रिंगकडे शब्द म्हणून बघतच नाही, सुट्या चिन्हांचा संच म्हणून बघतं. आडवी रेघ, म, स, उकार, द, काना यांतलं जे शेवटाकडून सापडेल ते खात सुटतं, संचाबाहेरचं काही आडवं येईपर्यंत. 'समास'मधलं एकूण एक चिन्ह त्या संचात बसतं.

मग पान उघडलं. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की हा आर्ग्युमेंट म्हणजे शेवटचा तुकडा नव्हे, त्यातली अक्षरं कुठल्याही क्रमानं आली तरी काढली जातात. लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

तर दोष कुणाचा? वाचणारीचा, लिहिणाऱ्याचा, की फंक्शनला नाव ठेवणाऱ्याचा? आणि आमच्या १४० पानांत असे खड्डे कुठे आहेत ते मला कसे दिसणार? खणलेत मीच.

---

शून्यवादी

वाचणारीचा. पुढचा धागा.

---

भटकी_ओळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). 'आराखड' वाचून मोठ्यानं हसले, क्षमस्व.

---

नेमका

शून्यवादी, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. या एका गैरसमजापायी इतके लोक आपटले की पायथनला ३.९ मध्ये, म्हणजे २०२० साली, रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स ही दोन नवी फंक्शन्स आणावी लागली. पेप ६१६ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) काढून बघा, त्यात हाच घोळ कारण म्हणून दिलाय.

आरस्ट्रिपच्या पानावर आता उदाहरणही आहे. 'मॉन्टी पायथन'मधून ' पायथन' काढायला गेलात तर हातात फक्त पहिलं 'एम' उरतं (इंग्रजी स्पेलिंग धरा), आणि खालीच रिमूव्हसफिक्सनं अख्खं 'मॉन्टी' मिळतं. इशाऱ्याचं वाक्य आधीही होतं. पण ते एक 'एम' डोळ्यांत खुपतं तसं वाक्य खुपत नाही.

---

अल्पविराम

माझं पोट या धंद्यावर आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

डॉक्युमेंटेशनची डायटॅक्सिस नावाची एक मांडणी आहे. ती चार प्रकार मानते: शिकवणारं, काम उरकून देणारं, संदर्भासाठीचं आणि समजावून सांगणारं. पायथनमध्ये यातलं बरंचसं वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेलं आहे. ट्युटोरियल वेगळं, हाऊ-टू वेगळे, लायब्ररी रेफरन्स वेगळा. कागदावर छान दिसतं.

पण माणूस येतो कसा? सर्च करून थेट त्या एका फंक्शनच्या मधोमध उतरतो. मागचं प्रकरण त्यानं वाचलेलं नसतं, पुढचं तो वाचणार नसतो. डोक्यात अर्धवट लिहिलेली ओळ असते आणि एकच शंका असते. म्हणून मी संदर्भाच्या पानावर पहिलं वाक्य व्याख्येचं ठेवते, पण दुसरं वाक्य "लोक इथे काय समजून बसतात" याचं. तुमच्या फंक्शनचा दोष असा की व्याख्या ऐकताना माणूस मान डोलावतो. "शेवटची अक्षरं काढतं", हो बरोबर, मला तेच हवंय! चुकीचं समजलंय हे त्याच्या लक्षातच येत नाही, म्हणून तो पुढे वाचत नाही.

तर सुरुवात कुठून? लोकांनी तुम्हाला विचारलेले प्रश्न गोळा करा. ईमेल, इश्यू, चॅट, सगळं. एकच प्रश्न तीन वेगळ्या माणसांनी विचारला असेल तर ते पान आधी. १४० पानं एका दमात लिहायला जाऊ नका, पंधराव्या पानापाशी पुन्हा "दिलेल्याचे दिलेल्यावरून" सुरू होईल.

---

हेकट

माझं मत वेगळं. सगळे उदाहरणं उदाहरणं करतायत म्हणून मुद्दाम लिहितो. स्टँडर्ड लायब्ररीचं पान हा करारनामा असतो. आपण कशाची हमी देतो आणि कशाची देत नाही, हे त्यात आलं पाहिजे. उदाहरण फक्त आज काय झालं ते सांगतं.

जावास्क्रिप्टचं सॉर्ट घ्या. क्रोमच्या व्ही८ इंजिनात एके काळी १० पर्यंत घटक असलेल्या ॲरेला इन्सर्शन सॉर्ट लागायचं आणि त्याहून मोठ्या ॲरेला क्विकसॉर्ट. पहिलं स्टेबल, म्हणजे समान घटकांचा आपसातला क्रम टिकायचा. दुसऱ्यात टिकेलच असं नाही. आता सांगा, पानावर कुणी १० पेक्षा जास्त घटकांचं उदाहरण देतं का? पाच घटक द्याल, क्रम टिकलेला दिसेल, वाचणारा निश्चिंत होईल आणि खऱ्या डेटावर तोंडघशी पडेल. हे उदाहरणानं कधीच कळलं नसतं. २०१९ च्या मानकात सॉर्ट स्टेबल असलंच पाहिजे असं वाक्य आलं तेव्हा प्रश्न मिटला. वाक्य आलं तेव्हा!

---

नेमका

हेकट, हा मुद्दा बिनतोड आहे. त्याला जोडून पायथनची डिक्शनरी, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साठा. ३.६ मध्ये ती टाकलेल्या क्रमानं घटक द्यायला लागली, पण डॉक्युमेंटेशनमध्ये तेव्हा बजावलेलं होतं की हा आतला तपशील आहे, यावर विसंबू नका. लोक अर्थातच विसंबले. ३.७ मध्ये तीच गोष्ट भाषेची हमी झाली. कोडचं वागणं तेच, बदललं ते वाक्य.

उलट गो भाषेत मॅपवरून (तिथली डिक्शनरीच) फिरताना क्रम मुद्दाम उलटसुलट येतो. म्हणजे पान न वाचणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी फटका बसून कळतं. याला मी डॉक्युमेंटेशनच म्हणेन, फक्त ते रनटाइममध्ये लिहिलंय.

---

शून्यवादी

"रनटाइममध्ये लिहिलेलं डॉक्युमेंटेशन." याला आमच्याकडे बग म्हणतात.

---

जुनाट_संगणक

पोरांनो, तुम्ही मॅन पेज, म्हणजे युनिक्समधलं माहितीचं पान, वाचलेलं दिसत नाही. तिथे 'बग्ज' नावाचा स्वतंत्र विभागच असतो. लिहिणारा स्वतःच कबुली देऊन मोकळा. सी मधल्या गेट्स फंक्शनच्या मॅन पेजवर सरळ लिहिलेलं आहे: हे फंक्शन कधीही वापरू नका. का, तर किती अक्षरं येणार ते त्याला आधी कळायचा मार्गच नाही, बफर भरून वाहू लागला तरी ते लिहीतच राहणार. पुढे २०११ च्या मानकातून ते काढूनच टाकलं. इतकं प्रामाणिक डॉक्युमेंटेशन मी दुसरं वाचलं नाही.

अवांतर: पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक फंक्शनखाली वाचकांच्या टिपा असतात. मी पीएचपी शिकलो तो वरचा मजकूर सोडून थेट त्या टिपा वाचत. खजिना होता. त्याच खजिन्यातून एकदा तारखांचं एक कोड उचललं, वर भरपूर मतं मिळालेली होती. लीप वर्ष उजाडलं आणि माझी रजा रद्द झाली. टीप लिहिणारा कधीच निघून गेला होता.

---

कालच_आलो

नवीन आहे, प्रश्न फारच प्राथमिक असेल तर दुर्लक्ष करा. पायथनच्या पानांवर फंक्शनच्या कंसात मध्येच एक तिरकी रेघ असते, कधी नुसती चांदणी असते. ते काय असतं? मी ती तिरकी रेघ टाइप करून बघितली, एरर आली.

---

नेमका

तिरक्या रेघेच्या आधीचे आर्ग्युमेंट नुसते जागेनुसार द्यायचे, नाव लिहून चालत नाही. चांदणीच्या नंतरचे नाव लिहूनच द्यायचे. भाषेत ही तिरकी रेघ ३.८ पासून आली. फंक्शन बनवताना लिहायची असते, वापरताना नाही, म्हणून तुम्हाला एरर आली.

---

अल्पविराम

कालच_आलो, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. त्या रेघेचा खुलासा पायथनच्या एफएक्यूमध्ये आहे. पण ज्याला तिचं नाव माहीत नाही तो शोधणार काय? "तिरकी रेघ" टाकून?

काना_मात्रा, तुमचे खड्डे कसे दिसतील त्याचं उत्तर इथेच आहे. असा एक नवखा माणूस गाठा. त्याला पान द्या, एक छोटं काम द्या आणि मागे गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठे वर स्क्रोल करून परत खाली येतो ते टिपून घ्या. मदत करायची नाही, ही अट. फार अवघड जाते. मी स्वतःच्या हातावर बसते.

---

कालच_आलो

मी तयार आहे :) एरर काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

---

बारीक_सारीक

उदाहरणांचा मुद्दा अर्धवट राहिलाय. उदाहरण द्यायचं तर ते चालवून तपासलं गेलंच पाहिजे, नाहीतर दोन आवृत्त्यांनंतर ते खोटं बोलायला लागतं. पायथनमध्ये डॉकटेस्ट आहे, ते पानावरची उदाहरणं चालवून उत्तर ताडून बघतं. रस्टमध्ये कॉमेंटमधलं उदाहरण कार्गो टेस्ट चालवलं की कंपाइल होऊन चालतं, शिवाय सुरुवातीला # हे चिन्ह टाकलेल्या ओळी चालतात पण पानावर दिसत नाहीत, त्यामुळे तयारीचा पसारा वाचकासमोर येत नाही. गोमध्ये एक्झाम्पल फंक्शनच्या शेवटी 'आउटपुट' अशी कॉमेंट लिहायची, छापलेलं त्याच्याशी ताडून बघितलं जातं. ती कॉमेंट विसरलात तर उदाहरण नुसतं कंपाइल होतं, चालत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

पण याचा एक उलटा त्रास सांगतो. आमच्या प्रकल्पात एका पानावर सेटचं उदाहरण होतं, आत चार शब्द. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचं हॅश (तिच्यावरून काढलेला आकडा) दर खेपेला बदलतं, त्यामुळे सेटमधले शब्द छापण्याचा क्रमही बदलायचा आणि डॉकटेस्ट कधी पास, कधी नापास. वैतागून एकानं उदाहरणातच सॉर्टेड (क्रम लावून देणारं फंक्शन) घुसवलं. टेस्ट पास. सहा महिन्यांनी आमच्याकडे जे नवीन कोड यायला लागलं त्यात जिथे तिथे सेटला सॉर्टेड लावलेलं. विचारलं का, तर म्हणे पानावर तसंच दाखवलंय. टेस्टच्या सोयीसाठी घातलेली गोष्ट लोकांनी शास्त्र म्हणून पाळली.

---

हेकट

बारीक_सारीक, दंडवत. मी हेच म्हणतोय की उदाहरण काय शिकवेल ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं.

---

बारीक_सारीक

वाक्य काय शिकवेल ते तरी कुठे असतं? धागाकर्तीसमोर स्पष्ट वाक्य होतंच की.

---

हेकट

बरं. दोन्ही लिहा. पण हमीचं वाक्य उदाहरणाच्या वर. यावर मी मागे हटणार नाही.

---

भटकी_ओळ

माझी तक्रार निराळीच. हे फंक्शन कधी बोंब मारेल ते पानावर का नसतं? रस्टमध्ये बरं असतं, 'पॅनिक्स', 'एरर्स', 'सेफ्टी' असे ठरलेले मथळे, डोळा थेट तिथे जातो. पायथनमध्ये कुठला एक्सेप्शन येईल ते कधी लिहिलेलं असतं, कधी नसतं. मग आपण सगळंच पकडत बसतो आणि खरी चूकही त्यातच गिळली जाते.

आणि इंग्रजी! ज्यांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा आहे त्यांना "अनलेस" आणि "रादर दॅन" एका वाक्यात आले की वाक्य तीनदा वाचावं लागतं. आरस्ट्रिपचं ते प्रसिद्ध वाक्य तसंच आहे. नकारानं सुरू होतं, काय आहे ते नंतर येतं.

---

नेमका

एक्सेप्शनची पूर्ण यादी देणं पायथनमध्ये अवघड आहे. तुम्ही दिलेल्या वस्तूच्या आतलंच एखादं मेथड काहीही फेकू शकतं, त्याची जबाबदारी पान कशी घेणार? पण फंक्शन स्वतःहून जे मुद्दाम फेकतं तेवढं लिहायला काहीच हरकत नाही. भाषांतरांसाठी पायथननं २०१७ मध्ये पेप ५४५ काढून रीतसर वाट करून दिली आहे. तरी मूळ वाक्यच अडखळत असेल तर भाषांतरही अडखळणार.

---

शून्यवादी

एक विचारू का? हल्ली पान वाचतं कोण? लोक एआयला विचारतात आणि मिळालेलं चिकटवतात.

---

अल्पविराम

आणि त्या एआयनं वाचलेलं काय असतं? तुमच्या भाषेच्या बाबतीत तर काना_मात्रांचं रात्री खरडलेलं पान हाच बहुधा मुख्य मजकूर. तिथे "दिलेल्याचे दिलेल्यावरून" असेल तर उरलेलं ते पायथनवरून अंदाजे ठोकून देणार. छोट्या भाषेला तर पान जास्तच नेमकं हवं.

---

शून्यवादी

मान्य. कुणाला सांगू नका.

---

काना_मात्रा (धागाकर्ती)

उशिरा आले, माफी. सगळं वाचलं, दोनदा. इश्यू चाळले तेव्हा दिसलं की तीनदाच काय, पाच जणांनी स्प्लिटबद्दल एकच प्रश्न विचारलाय आणि मी पाचही वेळा निराळं उत्तर दिलंय. म्हणून पहिलं पान स्प्लिटचं. कालच_आलो यांना जुनं पान देऊन एक काम दिलं, स्वल्पविरामानं जोडलेली नावं मोजायची. ओळ रिकामी असली की त्यांना शून्य अपेक्षित होतं, आलं एक. ते चार वेळा वर स्क्रोल करून आले. हातावर बसणं खरंच अवघड आहे.

नवा मसुदा हा असा. सोलून काढा:

"स्ट्रिंग जिथे जिथे विभाजक येतो तिथे तोडून तुकड्यांची यादी देते. विभाजक तुकड्यांत राहत नाही. यादीत नेहमी विभाजकांच्या संख्येपेक्षा एक तुकडा जास्त असतो, ही हमी आहे. म्हणून रिकामी स्ट्रिंग स्वल्पविरामावरून तोडली तर रिकामी यादी मिळत नाही, एक रिकामा तुकडा असलेली यादी मिळते. विभाजक दिलाच नाही तर नियम बदलतो: सलग आलेल्या मोकळ्या जागा एकच मानल्या जातात, कडेच्या टाकून दिल्या जातात आणि रिकाम्या स्ट्रिंगची रिकामी यादी मिळते."

याखाली चार उदाहरणं, चारही तपासून घेतलेली.

---

भटकी_ओळ

"एक तुकडा जास्त" हे वाक्य वाचलं आणि रिकामी यादी का नाही ते पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं पाठ केलं होतं.

---

हेकट

हमी उदाहरणाच्या वर आहे. मी समाधानी. (स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

---

कालच_आलो

+१. आता शून्य का येत नाही ते कळलं. पण "विभाजक दिलाच नाही" आणि "विभाजक रिकामा दिला" हे एकच का?

---

नेमका

चांगला पकडलात. एकच नाही. विभाजक म्हणून रिकामी स्ट्रिंग दिली तर पायथन व्हॅल्यूएरर देतो. जावास्क्रिप्ट प्रत्येक अक्षर सुटं करून देतं, म्हणजे नेमकं सांगायचं तर प्रत्येक यूटीएफ-१६ एकक. काना_मात्रा, तुमचं फंक्शन काय करतं? मसुद्यात नाही.

---

काना_मात्रा (धागाकर्ती)

चांगला प्रश्न. एरर देत असणार. थांबा, चालवून बघते.

---

काना_मात्रा (धागाकर्ती)

चालवलं. लॅपटॉपचा पंखा सुरू झालाय. उत्तर अजून आलेलं नाही.

---

बारीक_सारीक

रिकामा विभाजक पहिल्याच जागी सापडत असणार. मग पुढे किती सरकायचं, तर विभाजकाच्या लांबीइतकं, म्हणजे शून्य. पुन्हा शोधलं, पुन्हा तिथेच. आणि दर फेरीला यादीत एक रिकामा तुकडा पडतोय. मेमरी बघा.

---

काना_मात्रा (धागाकर्ती)

बघितली. बंद केलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, ती ओळ माझीच आहे आणि पहिल्या आवृत्तीपासून तिथे आहे.

---

जुनाट_संगणक

पोरी, 'बग्ज' विभाग काढ. सांगितलं होतं.

---

शून्यवादी

किंवा लिहा: "संयम असल्यासच वापरा." ह.घ्या.

---

काना_मात्रा (धागाकर्ती)

पान राहू दे बाजूला. आधी फंक्शन दुरुस्त करते, मग वाक्य. कालच_आलो, उद्या वेळ आहे का? जॉइनचं पान द्यायचंय.